कताईचा तास

सोलापूरच्या भवानी पेठेत सुताला तोटा नाही. टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांत यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, रंगवलेल्या लडी वाळत असतात, सुताचे गठ्ठे टेंपोतून उतरत असतात. विणणारे, रंगवणारे, कांड्या भरणाऱ्या, काठ शिवणाऱ्या, गठ्ठे बांधणारे असे सगळे हात या बाजूच्या पेठांत मिळतील. मिळणार नाही ते हाताने सूत कातणारे घर. पेठेतल्या एका भागाला घोंगडे वस्ती म्हणतात. घोंगडे हे आडनावही आहे, म्हणून त्या नावावरून फार काही सिद्ध होत नाही. पण शहराच्या पश्चिमेला मंगळवेढा, सांगोला, माळशिरस या तालुक्यांकडे वळले की घोंगडे ही वस्तू आणि तिच्यासाठी घरात कातली जाणारी लोकर अजून पुरती नाहीशी झालेली नाही. एकाच जिल्ह्यात सुताचे दोन जन्म दिसतात: एक गिरणीतला, दुसरा मेंढीच्या पाठीवरचा. छोट्या कुटुंबाच्या शेतीसोबत हातकताई आणि घरची रंगाई टिकू शकते का, हा प्रश्न वरचेवर विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा बाजारपेठेत, नक्षीत किंवा सरकारी अनुदानात शोधले जाते. माझ्या मते ते कताईच्या तासात आहे. हातसुताला यंत्राने हरवले हे खरे, पण त्याआधी त्याला आपल्या हिशेबाने हरवले होते. त्या हिशेबात कातणाऱ्या बाईचा वेळ नेहमी फुकट धरलेला होता.

कापडाच्या कामात सर्वांत जास्त वेळ खाणारी पायरी विणाईची नसून कताईची आहे, हे माग डोळ्यांत भरतो म्हणून विसरले जाते. यंत्रे येण्याआधी एका विणकराला पुरेल इतके सूत काढायला चार-पाच कातणाऱ्या लागत, हे प्रमाण युरोपात तसेच आपल्याकडेही थोड्याफार फरकाने खरे होते. म्हणूनच इंग्लंडात अठराव्या शतकात यंत्राचा पहिला मोठा घाव कताईवर पडला. त्या कातणाऱ्या स्त्रियांना मजुरी मिळत तरी किती होती, यावर तिथल्या आर्थिक इतिहासकारांत अजून वाद चालू आहे. मजुरी महाग होती म्हणून यंत्र परवडले, असे रॉबर्ट ॲलन मांडतात. हातकताईचे वेतन मुळात फारच हलके होते, असे जेन हम्फ्रीज आणि बेंजामिन श्नायडर यांनी २०१९ मध्ये पुराव्यानिशी दाखवले. अडीचशे वर्षांनंतरही कताईच्या तासाचे मोल ठरवणे अवघड जाते, याचे कारण ते काम घराच्या कोपऱ्यात, चुलीच्या आणि पाळण्याच्या मधल्या वेळात होत आले. सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या. तेलंगणातून येऊन इथे वसलेल्या पद्मशाली विणकरांचे माग त्यामुळे बंद पडले नाहीत. उलट गिरणीचे एकसारखे, स्वस्त सूत हाताशी आल्याने हातमाग कित्येक दशके भरभराटला. आजची सोलापुरी चादर आणि तिला मिळालेले भौगोलिक मानांकन त्याच वाटेने आले. विणकर टिकला, कातणारी गेली. तिच्या जाण्याची नोंद कोणत्याही संपात, मोर्चात किंवा टाळेबंदीत सापडत नाही, कारण ती कधी कोणाच्या हजेरीपटावर नव्हतीच.

पुढे या पेठांतल्या घरांतल्या बायकांच्या हाताशी विडी आली. घरी बसून, हजारी नगावर, मुले सांभाळत करायचे काम: कताईची जागा याच कामाने घेतली असे म्हणता येईल. फरक एवढाच की विडी कामगार संघटित झाल्या, त्यांच्या मजुरीसाठी कायदे झाले, शहराजवळच्या कुंभारीला त्यांची घरकुले उभी राहिली. विडीचा मोबदला तोकडा असेल, पण तो मोजला गेला. कताईच्या वाट्याला हे मोजमाप फक्त एकदा, खादीच्या चळवळीत आले, आणि तो अनुभव आजच्या प्रश्नावर अजूनही सर्वांत जास्त प्रकाश टाकतो. १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला तेव्हा युक्तिवाद असा होता की शेतकऱ्याच्या घरात वर्षातले कित्येक महिने हात रिकामे असतात. त्या हातांना चरखा दिला की जे मिळेल ते वरकड. युक्तिवाद उदात्त होता, पण त्यातच खोट होती. वेळ रिकामा आहे असे एकदा धरले की त्याचा भाव शून्याकडे सरकतो. आठ तास कातून बाईच्या हाती आणा-दीड आणा पडे. १९२९ मध्ये संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आठ तासांच्या कामात १६,००० फूट सूत निघावे अशी त्यात अट होती. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. मग १९३५ साली गांधीजींनी स्वतःच आपला जुना युक्तिवाद मागे घेतल्यासारखे केले. विणकराला, सुताराला जी मजुरी तीच कातणारीला, आठ तासांना आठ आणे, अशी त्यांची सूचना होती. संघ प्रत्यक्षात बराच खाली थांबला, तरी दर वाढले, खादी महागली आणि विक्रीचा प्रश्न उभा राहिला. हा अनुभव हातकताई अव्यवहार्य असल्याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला त्यात वेगळे काही दिसते. तोवर खादीची किंमत खोटी होती आणि तो खोटेपणा कातणारीने आपल्या पदरातून भरून काढला होता, हे त्या एका ठरावाने उघडे पडले.

घोंगड्याकडे या नजरेने पाहिले पाहिजे. दख्खनी मेंढी ही महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणाच्या कोरड्या पठाराची जात. लोणंद, संगमनेरी, कोल्हापुरी यांच्याबरोबर सोलापुरी हाही तिचा एक नोंदलेला उपप्रकार आहे. अंगाने काटक, कमी पावसाच्या माळावर लांब चालणारी, आणि लोकर काळपट, राठ, आखूड तंतूची. वर्षातून दोनदा कातरणी करून एका मेंढीमागे सुमारे अर्धा किलो लोकर निघते. म्हणजे दोन-अडीच किलोच्या एका घोंगड्यासाठी चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर लागते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जावळ, सर्वांत मऊ. तिचे घोंगडे वेगळे आणि मोलाचे. कातरणी पुरुषाची, विणाई सनगराची किंवा खुटेकर धनगराची. लोकर निवडणे, पिंजणे, पेळू करणे, कातणे हे सगळे घरातल्या बायकांचे. मग ताणा अंथरून त्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने चढवतात आणि खड्डामागावर विणाई होते. आता साधा हिशेब मांडू. पिंजणीसकट पूर्ण दिवसात अर्धा किलो सूत निघते असे धरले तर एका घोंगड्याच्या कताईला पाच दिवस लागतील. ताणा, खळ आणि विणाई मिळून तीन. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने कताईचे १,५६० आणि विणाईचे ९३६, म्हणजे लोकर, वाहतूक, दुकानदार यांच्या आधीच घोंगडे अडीच हजारांच्या घरात जाते. हे आकडे मी गृहीत धरलेले आहेत. हात याहून चपळ धरा, लोकर थोडी कमी धरा. कताईचे पारडे विणाईपेक्षा जडच राहते. आणि घोंगड्याचा भाव करताना गिऱ्हाईक आणि व्यापारी दोघेही बोलतात ते विणाईबद्दल. कताई ‘घरचीच’ म्हणून सुटून जाते.

यावर कोणी म्हणेल, घरचीच आहे ना, मग बिघडले कुठे? शेतकऱ्याच्या घरात कितीतरी कामे अशीच बिनहिशेबी होतात. शेणी थापणे, निवडणे-टिपणे, दूध काढणे. हे खरे आहे, आणि म्हणूनच शेतीशी जोडलेली कताई शहरी हस्तकलेपेक्षा जास्त काळ टिकली. मेंढपाळाच्या घरात लोकर हे मुख्य उत्पन्न नव्हतेच. मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, पिल्ले विकायची; लोकर त्याच्या पाठीमागून यायची. बाकीच्या धंद्याने घर चालत होते म्हणून कताईला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागत नव्हते. पण हा आधारच खचत चालला आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने जिल्ह्याच्या मोठ्या पट्ट्यात ऊस आणला. ज्वारी-बाजरीच्या मोकळ्या रानांवर आणि पडीक माळांवर जी चराई होती ती आकसली. राज्यातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टरवर आली. मेंढीचे मोल मटणात मोजले जाऊ लागले आणि मग जातही बदलू लागली. जत तालुक्यातल्या माडग्याळची उंच, ठिपक्यांची मेंढी मांसाला सरस आणि लोकरीला नाममात्र. ती आज सोलापूर-सांगलीच्या कळपांत सर्रास दिसते. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून ‘सुवर्णा’ तयार केली, तेही उत्तम शास्त्रीय काम आहे, पण दिशा मटणाचीच. यात मेंढपाळाची चूक शोधणे अन्यायाचे होईल. कातरणीच्या मजुरीइतकाही भाव लोकरीला मिळत नसेल तर लोकर नसलेली मेंढी हवी, हा अगदी शहाणपणाचा निर्णय आहे. एके काळी लष्कराच्या कांबळ्यांना ही राठ लोकर चाले. पुढे पानिपतच्या चिंध्यांपासून बनलेल्या स्वस्त ब्लँकेटांनी आणि कृत्रिम धाग्याने ती जागाही घेतली.

म्हणजे हातसुताचा प्रश्न मागावरून नाही, मेंढीवरून सुरू होतो. काळी लोकर नाही तर घोंगडे नाही, आणि काळी लोकर कळपात ठेवायची तर तिचा भाव कातरणीच्या खर्चाच्या वर गेला पाहिजे. सरकारी धोरण बराच काळ उलट्या दिशेने गेले. मेरिनो, रॅम्बुले अशा विदेशी मेंढ्यांशी संकर करून पांढरी, बारीक लोकर काढायचे प्रयोग दख्खनीवर झाले, पण पठाराच्या उन्हात आणि लांब पायपिटीत ते कळपांत रुजले नाहीत. सांगोला तालुक्यात महूद येथे राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. पुण्याची ‘अंतरा’ ही पशुवैद्यक स्त्रियांनी उभारलेली संस्था दख्खनी मेंढी आणि तिच्या पाळणाऱ्यांसाठी वर्षानुवर्षे काम करते आहे. अलीकडे शहरांतून देशी लोकरीबद्दल कौतुकही वाढले. ‘देसी ऊन’ या लोकरीच्याच बाहुल्यांनी बनवलेल्या लघुपटाला २०२५ मध्ये फ्रान्समधल्या आनसी महोत्सवात परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. याचा आनंद वाटतो. पण कौतुकातून कातणारीच्या हातात काय पडते, हे विचारल्याशिवाय त्या आनंदाला पूर्णत्व नाही.

रंगाचे प्रकरण वेगळे आहे, आणि इथे सोलापूरची शेती खरोखर श्रीमंत आहे. आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. घोंगड्याला रंगारी लागत नाही. त्याचा रंग मेंढीच्या अंगावर असतो. काळी, तपकिरी, करडी, पांढरी अशी लोकर निवडून वेगळी ठेवणे हेच तिथले रंगकाम, आणि ते नजरेचे कसब आहे. काळ्या लोकरीवर दुसरा रंग चढत नाही. रंगाई हवी ती पांढऱ्या लोकरीला आणि कापसाच्या सुताला. दख्खनच्या काळ्या जमिनीत एके काळी आल लावली जाई. तीन-चार वर्षांनी मुळे खणून त्यांतून लाल रंग काढत. नीळ रंगवणाऱ्या निराळी समाजाची घरे या भागात होती. १८६९ नंतर कृत्रिम अलिझरीन आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि रंगाऱ्याबरोबर एक पीकही शेतातून उठले. आजच्या सोलापुरात मात्र रंगद्रव्य मुद्दाम पिकवावे लागत नाही, ते उरते. सांगोला-मंगळवेढा-पंढरपूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. तडकलेली, डाग पडलेली फळे मोठ्या प्रमाणात फेकली जातात आणि त्यांच्या सालीत भरपूर टॅनिन असते. तुरटी दिलेल्या लोकरीवर ती साल पिवळा देते, हिराकस लावला की हिरवट-राखी ते जवळजवळ काळा. सोलापूरच्या बाजार समितीत हिवाळ्यात कांद्याची विक्रमी आवक होते आणि टरफलांचे ढीग पडतात. त्यांतून केशरी-तपकिरी छटा निघतात. करडई तर इथल्या रब्बीचे घरचे पीक. तिच्या पाकळ्यांत पिवळा आणि लाल असे दोन रंग असतात, आणि फलटणला निघालेल्या बिनकाट्याच्या ‘नारी-६’ वाणामुळे पाकळ्या वेचणाऱ्या बायांच्या बोटांना काट्यांचा त्रास राहिलेला नाही.

पण इथेही सुतावरून स्वर्ग गाठायची घाई नको. करडईचा लाल उन्हात टिकत नाही, हळद त्याहून लवकर विटते, कांद्याचा रंग कापसावर लोकरीइतका पक्का बसत नाही. वनस्पतीचा रंग म्हणजे आपोआप निर्मळ, असेही नाही. तुरटी-हिराकसाचे उरलेले पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न छोट्या पातेल्यालाही सुटत नाही, आणि रंगाला लागणारे पाणी तर दुष्काळी तालुक्यातून काढायचे असते. म्हणून मला वाटते की शंभर रंगांची वही करण्यापेक्षा डाळिंबाची साल आणि हिराकसातले लोखंड यांच्यातून निघणाऱ्या मोजक्या, पक्क्या छटांवर भर द्यावा. टॅनिन आणि लोखंडाची ही जोडी उन्हाला आणि धुण्याला बऱ्यापैकी उभी राहते. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाने आसपासच्या शेतकऱ्यांचा सेंद्रिय कापूस, खादी आणि वनस्पतिजन्य रंग यांची साखळी जोडून दाखवली आहे. तिथून घेण्यासारखी गोष्ट साखळीची आहे: शेतकरी, कातणारी, रंगवणारा आणि विकणारा एकाच हिशेबात बसणे.

सर्वांत भक्कम आक्षेप स्कॉटलंडच्या बेटांवरून येतो. हॅरिस ट्वीड हे कापड आज जगात मानाने विकले जाते, १९९३ पासून त्याच्यासाठी ब्रिटिश संसदेचा स्वतंत्र कायदा आहे. पण तिथे हातकताईची अट १९३४ सालीच सोडून दिली गेली. गिरणीत कातलेले सूत चालेल असे ठरले, विणाई मात्र बेटावरच्या घरातच. हातकताईचा हट्ट धरला असता तर कदाचित कापडच संपले असते. मग सांगोल्याने तो हट्ट का धरावा? आक्षेप खरा आहे आणि त्याचे अर्धे उत्तर मान्य करायला हवे: पिंजणी यंत्रावर गेलीच पाहिजे. ती धुळीची, फुप्फुसांना बाधक आणि वेळखाऊ पायरी आहे. तिच्यात हाताचे कौशल्य कमी आणि कष्ट जास्त. उरलेल्या अर्ध्याबद्दल दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतील. बेटावरच्या सुताच्या गिरण्या बेटावरच होत्या, म्हणून सुताची मजुरी बेटावर राहिली. आपली लोकर राजस्थान-हरियाणाकडे कातायला गेली तर जिल्ह्यात उरेल ती फक्त मेंढीची लेंडी. दुसरे, दख्खनीची लोकर इतकी आखूड आणि केसाळ की मोठ्या यंत्राला ती स्वस्त गालिच्यांच्या मिश्रणाखेरीज फारशी उपयोगी नाही. हाताने पीळ देताना कातणारी जाडसर केस आणि मऊ तंतू यांचा मेळ घालते, आणि त्या राठ, घट्ट पिळामुळेच घोंगडे पावसाच्या सरीत माणसाला सावरते. टोचते ही तक्रार खरी आहे. घोंगडे अंगाशी नेसायचे वस्त्र नाही. अंथरायचे, पांघरायचे, माळावर डोक्यावरून घ्यायचे ते वस्त्र आहे. त्याचे मऊ स्वेटर करू पाहणे म्हणजे दुसऱ्याच मेंढीचे काम या मेंढीकडून मागणे.

महाग घोंगडे घेणार कोण, शहरातले चार हौशी लोक? हा प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. घोंगड्याची सर्वांत जुनी मागणी हौशीची नाही. बिरोबा-खंडोबाच्या जागरणात, धनगरांच्या लग्नात, देवाच्या आसनासाठी काळे घोंगडे लागते. मंगळवेढ्याच्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळी झालेली खांद्यांवरची घोंगडी दिसतात. विठ्ठलाच्या मुळाशी गवळी-धनगरांचा देव आहे, ही रा. चिं. ढेरे यांची मांडणी या जिल्ह्याच्या मातीत सहज पटते. ही मागणी छोटी आहे पण ती दरवर्षी येते आणि खऱ्या वस्तूला ओळखते. तिच्यावर शहरी मागणीचा भार टाकता येईल. तिच्याऐवजी शहरी मागणी ठेवता येणार नाही.

मग दुसरा, जास्त गंभीर आक्षेप उरतो. बायकांवर आधीच शेताचा, पाण्याचा, घराचा भार असताना पुन्हा चरखा त्यांच्याच पुढ्यात ठेवायचा का? जर कताई जुन्याच अटींवर परत येणार असेल, फावल्या वेळात, पैशांचा हिशेब पुरुषाच्या हातात, तर ती परत न आलेलीच बरी. हे मी कोणतीही पुस्ती न जोडता म्हणतो. पण तीच बाई आज त्याच वेळात दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते किंवा विड्या वळते. कताईचा दर त्या मजुरीला भिडला तर निवड तिची. त्यासाठी सूत ही स्वतंत्र विकायची वस्तू व्हायला हवी. आज घोंगडे विकले जाते आणि त्यात सूत दडते. सुताची लडी तोलून, प्रतवारी करून, कातणारीच्या नावावर रोख विकत घेतली, मग ते विणकराने घ्यावे किंवा एखाद्या सहकारी संस्थेने, तर तिच्या तासाला पहिल्यांदा भाव येईल. भवानी पेठेतल्या व्यापाऱ्याला ही पद्धत नवी नाही. गिरणीचे सूत तो रोज नंबर पाहून, वजन करून, दर ठरवून घेतो.

तालुक्याला एक पिंजणयंत्र आणि तिथेच लोकर धुण्याची, रंगानुसार निवडण्याची सोय. काळ्या दख्खनी लोकरीला कातरणीच्या खर्चावर ठरलेला खरेदीभाव. डाळिंबाच्या टाकाऊ सालीची वाळवणी. आणि लडीमागे दर. यातले काहीही कोट्यवधींचे नाही. महूदच्या प्रक्षेत्रावर मेंढ्या आहेत, सांगोल्याला आठवडी बाजार आहे, सोलापुरात रंगाचे जाणकार आहेत. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर रानोमाळ निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला घराकडे वळतात. कातरलेली लोकर घरी पोहोचते तेव्हा ज्वारीची सुगी संपलेली असते आणि पेरणीला अवकाश असतो. त्या दिवसांत लडीचा दर काय असेल, हे निदान एक हंगाम आधी जाहीर झालेले असले पाहिजे, म्हणजे कळपातली काळी मेंढी विकायची की ठेवायची हे घरातल्या बाईलाही बोलून ठरवता येईल.